इमॅजिकामधली गर्दी दिवसभरात कधी कमी होते आणि त्याप्रमाणे राइड्स कशा लावायच्या

थेट उत्तर आधी सांगते, कारणं मग. खोपोलीजवळच्या इमॅजिका ह्या थीम पार्कमधे दिवसातून दोनदा गर्दी खरोखर कमी असते, एक म्हणजे सकाळी राइड्स सुरू झाल्यावरचा पहिला तास आणि दुसरं म्हणजे संध्याकाळी साधारण पाचनंतर ते बंद होईपर्यंत. बारा ते चार हा सगळ्यात वाईट वेळ, आणि नेमक्या त्याच वेळात बहुतेक मंडळी मोठ्या राइड्सच्या लाइनीत उभी असतात कारण उशिरा पोचतात आणि लवकर निघतात. माणशी एवढं तिकीट काढून पोरं चार-पाच राइड्स करून दमून परत येतात ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट ही लक्षात घ्या की पार्कातली गर्दी बसच्या टाइमटेबलवर चालते. 2013 ला हे पार्क सुरू झालं तेच मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या जवळ, खोपोलीला, म्हणजे मुंबई-ठाण्याकडून आणि पुणे-पिंपरीकडून दोन्हीकडून लोक येतात. शाळेच्या सहली, कॉलेजचे ग्रुप, कंपनीच्या पिकनिका, सगळ्या बसने. बस सकाळी सहा-सातला निघायची ठरते, निघते आठला, वाटेत नाश्ता, मग सगळ्यांची डोकी मोजणं, गेटवर तिकिटं वाटणं, ह्यात अकरा-साडेअकरा सहज वाजतात. राइड्स साधारण साडेदहा-अकराला सुरू होतात (सीझनप्रमाणे वेळ बदलते, आदल्या दिवशी वेबसाइटवर नक्की बघून घ्या). म्हणजे राइड सुरू होणं आणि बसवाले आत पसरणं ह्यात एक छोटी फट आहे, ती फट तुमची.

ती पकडायची तर गेट उघडायच्या अर्धा तास आधी तिथे पोचायला पाहिजे, तिकीट ऑनलाइन काढलेलं पाहिजे आणि खाणं झालेलं पाहिजे. मुंबईहून येणारे खालापूरच्या फूडमॉलला थांबतात, थांबा, पण तिथे तासभर रेंगाळू नका. तिथे वडा-चहात गेलेला तो पाऊण-एक तास नंतर दुपारी दुप्पट होऊन लाइनीत भरावा लागतो. सरळ घरून पोळीभाजीचा रोल नाहीतर इडलीचा डबा घ्या, गाडीतच खा आणि डबा गाडीतच ठेवा कारण बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. पुण्याकडून येणाऱ्यांनी शनिवार-रविवारी घाटाचा वेळ जास्तीचा धरा. एक ट्रक बंद पडला की सगळं गणित कोलमडतं.

आत शिरल्यावर बहुतेक लोक काय करतात तर आधी फोटो, मग जी राइड पहिली दिसेल तिच्यासमोर लाइन. तुम्ही तसं करू नका. आधी कुठे जायचं हे राइड किती फेमस आहे त्यावर नाही तर एका खेपेला किती माणसं बसतात आणि खेप किती वेळाने सुटते त्यावर ठरवा. हे आकडे फक्त समजायला धरा. एका थिएटरवाल्या राइडला 60 जण बसतात आणि दर 10 मिनिटांनी शो आहे, तुमच्या पुढे 100 माणसं आहेत, तर तुमचा नंबर दुसऱ्या शोला लागतो, म्हणजे जास्तीत जास्त 20 मिनिटं. तेच एका उंच टॉवरवाल्या राइडला एका वेळी 12 जण बसतात आणि 4 मिनिटांनी खेप आहे, तर पुढच्या त्याच 100 माणसांमुळे तुम्ही नवव्या खेपेत, म्हणजे जास्तीत जास्त 36 मिनिटं. लाइन दिसायला सारखीच, वेळ मात्र जवळजवळ दुप्पट. म्हणून कुठलीही लाइन धरायच्या आधी बाजूला उभं राहून मोबाइलवर बघा की एक खेप सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती मिनिटं गेली आणि किती जण आत घेतले, दोन-चार मिनिटांचं काम आहे पण सगळा दिवस सुधारतो. अजून एक, सकाळी गर्दी नसेल तर कधीकधी रोलर कोस्टरची एकच ट्रेन चालवतात, मग लाइन छोटी असूनही हळू सरकते. ट्रॅकवर एक ट्रेन आहे का दोन ते वर बघितलं की कळतं.

ह्या हिशोबाने सकाळचा पहिला तास नायट्रो, डेअर टू ड्रॉप, स्क्रीम मशीन, डीप स्पेस ह्या मोठ्या राइड्सना द्या. नायट्रो ही फ्लोअरलेस कोस्टर आहे, पाय खाली लोंबकळतात, चपला-सँडल काढून ठेवायला लावतात, लोक चष्मे, मोबाइल, टोप्या कुठे ठेवायच्या ह्यात वेळ काढतात आणि त्यामुळे गर्दीच्या वेळी प्रत्येक खेप अजून लांबते. तुम्ही बूट घाला, खिसे मोकळे ठेवा आणि बॅग ग्रुपमधल्या ज्याला बसायचं नाहीये त्याच्याकडे द्या. पहिली ओळ पाहिजे असेल तरी सकाळीच मागा, दुपारी पहिल्या ओळीसाठी वेगळं थांबावं लागतं. सकाळच्या ह्या तासात मोठ्या तीन राइड्स झाल्या तर दिवस जिंकला समजा, चार झाल्या तर फारच छान.

मग बारा वाजतात, लाइनी फुगायला लागतात. आता मोठ्या राइड्सचा नाद सोडायचा आणि जिथे एका दमात पुष्कळ माणसं आत घेतात तिथे जायचं. आय फॉर इंडिया, मिस्टर इंडिया, रॅथ ऑफ द गॉड्स, सिनेमा 360, सगळं छपराखाली, ऊन नाही, बसायला मिळतं. मात्र मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात हीच युक्ती सगळ्यांना सुचते, दुपारी दोनला जो तो एसी शोधत असतो आणि आतल्या राइड्सच्या लाइनी बाहेर येतात, तेव्हा उलटं करून बघा. भर उन्हात नायट्रोची लाइन कधीकधी सकाळपेक्षा लहान सापडते. टोपी, पाणी आणि सहन करायची ताकद असेल तरच, लहान मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन हे करू नका, राइड झाली नाही तर चालेल, ऊन लागलं तर चालणार नाही. राजासॉरस मात्र दुपारी टाळा, पाणी उडणारी राइड म्हटल्यावर उन्हात सगळे तिकडेच धावतात. ती सकाळी दहा-पंधरा मिनिटं उरली तर करा नाहीतर सरळ संध्याकाळी.

जेवणाचं बघा. ग्रुपच्या पॅकेजमधे जेवण धरलेलं असतं, कूपनं असतात, त्यामुळे सगळ्या बसवाल्यांना एकाच वेळी, साधारण एक ते अडीच, जेवायला बसवतात. त्या वेळात रेस्टॉरंटमधे गेलात तर ताट घेऊन टेबलासाठी फिरत राहाल. एकतर पावणेबाराला जेवा (पण मग सकाळची चांगली वेळ खर्ची पडते), नाहीतर तीनला. मी तीनच्या बाजूने आहे. दीडच्या सुमाराला हातात काहीतरी सुकं खाणं आणि सरबत घेऊन राइड्स चालू ठेवायच्या, कारण अर्धी जनता जेवणाच्या लाइनीत असते आणि तेवढ्यात मधल्या राइड्सच्या लाइनी थोड्या उतरतात, आणि तीनला रेस्टॉरंट रिकामं झालं की पंख्याखाली निवांत जेवायचं, ज्यांना डुलकी काढायचीय त्यांनी काढायची.

आता महत्त्वाचं, चार ते पाच. ह्या तासात गेटजवळच्या चौकाकडे लक्ष ठेवा. शाळांच्या सहलीत मुलांना एका रंगाच्या टोप्या घातलेल्या असतात, गळ्यात आयकार्ड, आणि जायची वेळ झाली की ती सगळी पिवळी नाहीतर लाल टोपीवाली पोरं जोड्या करून फरशीवर बसलेली दिसतात, एक सर शिट्टी वाजवून पुन्हापुन्हा मोजताहेत, दोन टाळकी कमी म्हणून एक बाई परत आत पळताहेत. हे चित्र दिसलं की समजायचं गर्दी उतरायला लागली, कारण एक शाळा म्हणजे शेकडो मुलं एकदम बाहेर. तुम्ही त्याच क्षणी गेटच्या उलट्या दिशेला, आतल्या बाजूच्या मोठ्या राइड्सकडे चालायला लागा. कंपनीवाले आणि कॉलेजवाले थोडे उशिरा निघतात, पाच-साडेपाच, पण त्यांनाही बसचा ड्रायव्हर फोन करकरून बोलावतो. मुंबईजवळ गोराईचं एस्सेलवर्ल्ड पार्क चालू होतं, लोक तिथे बोटीने जायचे, तेव्हा गर्दी लवकर बाहेर काढायचं हेच काम शेवटच्या बोटीची भीती करायची, लोक तासभर आधीच जेटीकडे सरकायचे.

पाचनंतर सकाळी राहिलेल्या राइड्स, मग आवडलेल्या परत. ऊनही उतरलेलं असतं, आणि अंधार पडल्यावर नायट्रो वेगळीच वाटते, दिवसा केली असली तरी संध्याकाळी एकदा कराच. लहान मुलांच्या राइड्ससुद्धा, टबी टेक्स ऑफ, हॅपी व्हील्स, कॅरोसेल, संध्याकाळी मोकळ्या मिळतात कारण छोट्या मुलांच्या फॅमिली दमून आधी निघतात, त्यामुळे तुमच्याकडे चार-पाच वर्षांचं पोर असेल तर दुपारी त्याला खांद्यावर झोपू द्या आणि पाचनंतर खेळवा. परेड (पार्कातली नाचगाण्याची मिरवणूक) असेल त्या दिवशी तिची वेळ सकाळीच विचारून ठेवा, सगळे रस्त्याच्या कडेला गोळा होतात आणि तेवढा वेळ राइड्स ओस पडतात. परेड बघायची का राइड करायची हे मात्र घरातल्या लहानग्यांना विचारून ठरवा, मी असते तर लहानांना परेड आणि मोठ्यांना राइड अशी विभागणी करेन.

आणि प्रत्येक राइडच्या माणसाला सकाळीच विचारा की "दादा, शेवटची एंट्री किती वाजता?" पार्क बंद व्हायची वेळ आणि लाइन बंद व्हायची वेळ एकच असेल असं धरून चालू नका, पुष्कळ ठिकाणी लाइन आधी बंद करतात. शेवटच्या तासात ज्या राइडची एंट्री सगळ्यात आधी बंद होते ती आधी, असा क्रम लावायचा.

पावसाळ्याचं वेगळं. वीज कडाडली किंवा सर जोरात आली की बाहेरच्या राइड्स थांबवतात, लोक रेस्टॉरंटमधे आणि आतल्या राइड्समधे घुसतात, आणि काहीजण वैतागून घरीच जातात. तुम्ही रेनकोट घालून बाहेरच्या राइडच्या जवळच आडोशाला थांबा. पाऊस ओसरला की लगेच लोकांना बसवत नाहीत, आधी चेक करतात, रिकामी ट्रेन फिरवून बघतात. ट्रॅकवर रिकामी ट्रेन फिरताना दिसली की थोड्या वेळात राइड सुरू होणार, तेव्हा लाइनीत जाऊन उभं राहायचं. जुलै-ऑगस्टमधल्या मंगळवार-बुधवारी अशा सरीनंतर जी मजा येते ती डिसेंबरच्या शनिवारी कितीही पैसे दिले तरी येत नाही.

दिवस निवडायचा असेल तर मंगळवार ते गुरुवार. डिसेंबर-जानेवारी हा सहलींचा सीझन, त्यामुळे तेव्हा वीकडेलाही सकाळ-दुपार भरलेली असते, पण गंमत म्हणजे संध्याकाळ वीकेंडपेक्षा कितीतरी मोकळी, कारण सहलीच्या मुलांना अंधाराच्या आत घरी पोचवायचं असतं. फेब्रुवारी-मार्चमधे दहावी-बारावीच्या परीक्षा, ते वीकडे छान. जूनमधे शाळा उघडल्यावरचे आठवडे छान. दिवाळीत भाऊबीज झाली म्हणजे गर्दी संपली असं समजू नका, गुजरातमधल्या शाळांना दिवाळीची मोठी सुट्टी असते आणि तिकडच्या फॅमिली तेव्हाच फिरायला निघतात. शेजारचं वॉटर पार्क धुळवडीला आणि मेमधे दुपारी तुडुंब, तिथे स्लाइड्स सकाळी उरकायच्या आणि वेव्ह पूल दुपारी. दोन्ही पार्क एका दिवसात कोंबू नका, गर्दी नसलेल्या दोन्ही वेळा वाया जातात.

एक्सप्रेस पासबद्दल (जास्तीचे पैसे भरून लाइन टाळायचा पास) खूप जण विचारतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, मेमधले वीकेंड, किंवा काही कारणाने तुम्ही बारानंतरच पोचणार असाल तर घ्या. पावसाळ्यातल्या वीकडेला घेऊ नका, त्या पैशात सगळ्यांचं जेवण होईल.

ऑर्लँडो किंवा अनाहाइमला डिस्नेत जाणाऱ्या आपल्या मंडळींनाही हाच हिशोब लागू पडतो, तिथे फक्त बसच्या जागी हॉटेल आणि आतषबाजी येते. ऑर्लँडोला डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना अर्धा तास आधी आत सोडतात, तुम्ही तिथे राहत असाल तर तो अर्धा तास झोपून घालवू नका. अ‍ॅपमधे प्रत्येक राइडची वेटिंग दिसते, दुपारभर त्यावर नजर ठेवा, आणि आतषबाजीच्या वेळी सगळे किल्ल्यासमोर असतात तेव्हा राइड करा. बंद व्हायच्या आधी लाइनीत शिरलात तर सहसा तुम्हाला बसवूनच लाइन संपवतात, त्यामुळे सगळ्यात लांब लाइनवाली राइड शेवटच्या पाच-दहा मिनिटांसाठी ठेवता येते.

राहिलं परत येणं. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याची सगळी जनता मुंबईकडे उतरत असते, त्यामुळे पाचला पार्कातून निघालेला मुंबईकर सरळ त्या गर्दीत जाऊन अडकतो. बंद होईपर्यंत आत थांबा, बाहेर येऊन चहा घ्या, मग निघा. खोपोली लोकलने आलेल्यांनी मात्र असं निवांत राहू नका, त्या लाइनला गाड्या कमी, सकाळीच परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा बघून ठेवा आणि पार्कातून स्टेशनपर्यंतच्या रिक्षाची सोय अंधार पडायच्या आधी बोलून ठेवा.