सुळका नको, अजिंक्यतारा हवा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला वुल्फ-रायेट तारे घेतले, तर आईचा पहिला प्रश्न, “दुर्बीण कुठनं आणणार?” दुर्बीण लागलीच नाही. स्लोन या आकाश-सर्वेक्षणातले दीर्घिकांचे वर्णपट (तरंगलांबीनुसार प्रकाशाचे आलेख) फुकट उतरवता येतात, आणि मला त्यांतून हे तारे असलेल्या दीर्घिका शोधायच्या होत्या. साताऱ्यातली खोली, जुना लॅपटॉप आणि पायथन एवढ्यावर भागलं. लाइट गेली की मात्र खगोलशास्त्र बंद!

पॅरिसच्या वेधशाळेत १८६७ साली वुल्फ आणि रायेट यांना हंस तारकासमूहात असे तीन तारे सापडले. प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचं हायड्रोजनचं आवरण उडून गेलं, की आतला तापलेला भाग उघडा पडतो आणि त्यातून सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगानं वारा सुटतो. ही अवस्था काही लाख वर्षंच टिकते. म्हणून एखाद्या दीर्घिकेत हे तारे दिसले, तर तिथं नुकतेच तारे जन्मलेत असं समजायचं. दूरच्या दीर्घिकेत ते सुटे दिसत नाहीत. सगळ्यांचा मिळून वर्णपटात ४६५० ते ४६८६ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) यांच्या आसपास एक उंचवटा दिसतो, तोच ब्लू बंप.

मी तिथंच आपटलो. आधी ताम्रसृती, म्हणजे दीर्घिका दूर जात असल्यानं रेषांचं लाल बाजूला सरकणं, काढायलाच विसरलो. ही सृती (झेड) ०.०२ असेल, तर ४६८६ ची रेषा ४७८० पाशी जाते, आणि मी भलतीकडेच शोधत बसलेलो. ते निस्तरल्यावर आयनित हेलियमची झकास रेषा मिळाली. उड्या मारतच सरांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, “रुंदी किती रे?” जेमतेम चार अँगस्ट्रॉम. म्हणजे ती तेजोमेघातल्या वायूची. ताऱ्याच्या वाऱ्याची रेषा वीसेक अँगस्ट्रॉम तरी पसरते. तेव्हापासून माझं गणित सोपं आहे: सुळका दिसला तर थांबायचं, साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यासारखं पसरट काही दिसलं तर पुढं जायचं. लोहाची ४६५८ आणि अरगॉनची ४७११ ची रेषा हेही सुळकेच, आणि ते नेमके या उंचवट्यावरच उगवतात.

मोजण्याआधी जुन्या ताऱ्यांचा प्रकाश वजा करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर उंचवटा खोटाही निघू शकतो. मग ५८०८ पाशी कार्बनचा उंचवटा बघा. तो नसला तरी लगेच दीर्घिकेचं नाव खोडू नका, नायट्रोजनवाल्या ताऱ्यांत तो जवळपास नसतोच. शिवाय प्रकाश गोळा करणारा स्लोनचा जुना फायबर आकाशात तीनच विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). जवळच्या दीर्घिकेतला तारे जन्मणारा भाग त्याच्या बाहेर राहिला, तर तुमची काहीच चूक नसते.

प्रोग्रामनं मला दीर्घिकांची चाळीस नावं दिली होती. एकेक आलेख डोळ्यांनी पाहिल्यावर तीन उरली, आणि त्यातल्या एकावरून सरांचं नि माझं अजून जुळलेलं नाही.