फॉर्ममध्ये ‘स्त्री की पुरुष’ कसं विचारावं

एकदा एका सर्वेक्षणाच्या एक्सेलमध्ये मी सगळीकडचं ‘मेल’ काढून ‘पुरुष’ घातलं आणि चाळीसेक बायका ‘फीपुरुष’ झाल्या. चूक माझीच. लिंगासाठी मोकळा चौकोन ठेवला होता, त्यात लोकांनी म, बाई, महिला, फीमेल असं वाट्टेल ते भरलं. एकीनं तर ‘गृहिणी’.

तेव्हापासून आधी ठरवते, हे विचारायचंच कशाला? नळाला पाणी किती वाजता येतं एवढंच हवं असेल, तर नकोच. पाणी कोण भरतं ते हवं असेल, तर ‘घरात पाणी कोण भरतं?’ असंच विचारा. फॉर्म भरणारा आणि पाणी भरणारी बहुतेकदा वेगवेगळे असतात.

विचारायचंच असेल, तर ‘लिंग’ हा शब्द टाळा. सरकारी कागदावर चालतो, मोबाइलवर कॉलेजची पोरं त्यावर खिदळतात. मी लिहिते : ‘तुम्ही स्वतःला काय मानता?’ खाली स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष, ‘माझ्या शब्दांत’ आणि ‘सांगायचं नाही’. एकाहून जास्त खुणा करू द्या. स्वतःला स्त्री आणि तृतीयपंथी दोन्ही मानणाऱ्या असतात. प्रश्न सक्तीचा करू नका, नाहीतर लोक काहीतरी दाबून पुढे जातात.

‘इतर’ मात्र नको. 2011 च्या जनगणनेत पुरुष 1, स्त्री 2, इतर 3 असे कोड होते आणि ‘इतर’मध्ये 4,87,803 माणसं आली. तोच आकडा देशातल्या ट्रान्सजेंडर लोकांची संख्या म्हणून फिरतो. पण ज्या ट्रान्स लोकांनी स्वतःला स्त्री किंवा पुरुष नोंदवलं, ते त्यात धरलेलेच नाहीत.

प्रश्न अवघड केला तर काय होतं, ते इंग्लंड-वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत दिसलं. तुमची लिंगओळख जन्मनोंदीतल्या लिंगाशी जुळते का, असा प्रश्न होता. सुमारे 2,62,000 लोक ‘नाही’ म्हणाले. ज्यांचं इंग्रजी कच्चं, त्यांच्यात हे ‘नाही’ जरा जास्तच निघालं. प्रश्नच नीट कळला नसावा. 2024 मध्ये त्या आकड्यांचा अधिकृत दर्जा खाली आणावा लागला. हिशेब करून बघा : हजारात खरे पाच असतील आणि शंभरातल्या एकाचं बोट चुकलं, तर जवळपास दहा खोटे वाढले. म्हणजे तुमच्या पंधरांतले दहा मुळात नाहीतच! म्हणून फॉर्म पाठवण्याआधी दहा जणांना प्रश्न वाचून दाखवते आणि विचारते, ‘काय विचारलंय असं वाटलं?’ त्यातला एखादा तरी भलतंच सांगतो.

नावावरून ठरवण्याच्या फंदात पडू नका. किरण कोण, हे तुम्हीच सांगा.

क्रियापदावरूनही नको. एका उत्तरात खूण ‘पुरुष’वर आणि खाली लिहिलेलं : ‘सकाळी पाचला उठून पाणी भरते.’ हात शिवशिवले, पण खूण बदलली नाही. नवऱ्याच्या फोनवरून भरलं असेल, त्यानं अर्धं भरून फोन तिच्या हातात दिला असेल, अंगठा घसरला असेल, किंवा दोन्ही खरं असेल. आणि उलटंही होतं. माझी कोल्हापूरची मैत्रीण जन्मभर ‘मी जातो, मी करतो’ म्हणत आली आहे. अशा ओळींसमोर मी वेगळ्या रकान्यात फक्त ‘विसंगत’ लिहिते आणि अहवालात तशा किती ते सांगते. तुमच्या फॉर्मवरच्या वाक्यांतही ‘मी वापरतो’ नको. ‘माझ्या वापरात आहे’ असं केलं की कुणीच अडत नाही.

शेवटचं काम तक्ता देताना. गावनिहाय तक्त्यात ‘तृतीयपंथी : 1’ असं छापलंत, की गावाला ते माणूस कोण हे लगेच कळतं. अशा गावांचे आकडे तालुक्याच्या आकड्यात मिळवा. तालुक्यातही एकच असेल, तर जिल्ह्यात.