शेतराखणीसाठी पहिले हलवते मचाण निवडताना

पाटण, जावळी किंवा शिराळा तालुक्यात जंगलाच्या कडेला शेती असणाऱ्यांना रानडुक्कर आणि गव्यांपासून पीक राखण्यासाठी रात्री जागाव्या लागतात. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नेता येणारे धातूचे मचाण घ्यायचे असेल, तर प्रथम शिडी जोडलेला प्रकार पाहावा. टांगते मचाण हलके असते खरे, परंतु ते झाडावर चढूनच बांधावे लागते आणि नवख्याला तेच काम सर्वांत धोक्याचे ठरते.

भारक्षमता तपासताना स्वतःच्या वजनात घोंगडी, बॅटरी आणि पाण्याचे वजन मिळवावे. राखणीसाठी १० ते १२ फूट उंची पुरेशी आहे. झाड जिवंत, सरळ बुंध्याचे आणि स्वतःच्या बांधावरचे असावे. शेवगा, पांगारा यांसारखी ठिसूळ लाकडाची झाडे टाळावीत आणि आग्या मोहोळ नाही याची दिवसाउजेडी खात्री करावी.

माझ्या मते पैसे वाचवू नयेत अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे छाती, खांदे आणि मांड्या यांना धरून ठेवणारा पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा, कारण नुसता कमरेचा पट्टा पडणाऱ्या माणसाला लटकल्यावर गुदमरवू शकतो. मचाणाचे नायलॉनचे पट्टे उन्हाने कमजोर होतात, म्हणून प्रत्येक हंगामापूर्वी ते तपासावेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकार गुन्हा असल्याने मचाणाचा उपयोग पाहणी, हाकारे आणि उजेड यांपुरताच ठेवावा. वळवाचे ढग गडगडू लागताच खाली उतरून झाडापासून दूर, पक्क्या घरात जावे.