सोलापुरातून ब्लॅक फॉरेस्टच्या मॅरेथॉनला

जर्मनीतल्या ब्रॉयनलिंगेनची श्वार्ट्सवाल्ड, म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट, मॅरेथॉन १९६८पासून चालू आहे. ऑक्टोबरात असते, रस्ता बराचसा जंगलातला, चढउताराचा. आपलं सोलापूर पडलं सपाट. सिद्धेश्वर तलावाला कितीही चकरा मारा, मांड्यांना चढ कळायचा नाही. रविवारी पहाटेची एसटी धरून तुळजापूर गाठा आणि घाटात पळा. चढ जमतो हो, उतारावर गुडघे बोलायला लागतात. म्हणून उतरताना पावलं आखूड टाका, टाच आपटू नका. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्या कुणालाही विचारा, कोरे बूट घालून लांब कुणी निघत नाही. तिकडे जर्मनीत सकाळी गारठा असतो, अंगावर जुना स्वेटर ठेवा. शेंगाचटणी मात्र आदल्या रात्री नको, तहान लागते. खिशात चिक्की ठेवा.