मुंबईहून अलिबागला जाताना: आधी तिथी बघा, मग लाँच

अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणपर्यंत दिवा-रोहा गाडी आणि पुढे एसटी, किंवा पनवेल-पेण-वडखळ असा शंभरेक किलोमीटरचा रस्ता. खाडी ओलांडली की मात्र तासाभरात पलीकडचा किनारा. म्हणून सुट्टीच्या दिवशी पाण्यावरूनच जावं.

गेटवे ते मांडवा ही सर्वात सोपी वाट. तिकीट गेटवेवरच्या खिडकीवर मिळतं. त्यात मांडवा ते अलिबाग बस धरली आहे का, हे तिथेच विचारा. धरली असेल तर तिकिटाचा तुकडा उतरेपर्यंत फेकू नका. बहुतेक जण परतीची शेवटची बोट विचारायला विसरतात आणि अडकतात. मेअखेरीपासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत या बोटी बंद असतात.

गाडी किंवा मोटारसायकल न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे वाहनं नेणारी बोट, घ्या. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. ती पावसाळ्यातही चालते, पण खवळलेल्या समुद्रात फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे निघण्याआधी खात्री करा. जागा आधीच आरक्षित करा. गाडी आत लावल्यावर हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवा.

भाऊच्या धक्क्यावरूनच अलिबागच्या बाजूच्या रेवसला आणि उरणजवळच्या मोऱ्याला लाँच सुटतात. जवळचं स्टेशन हार्बर मार्गावरचं डॉकयार्ड रोड. या दोन्ही बंदरांत गाळ आहे. ओहोटी पूर्ण लागली की लाँच धक्क्याला लागत नाही, आणि वेळापत्रकात दिसणारी फेरी प्रत्यक्षात सुटत नाही. इथे कोकणातला जुना हिशेब कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, चतुर्थीला ४ × ३ ÷ ४ = ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की नऊला ओहोटी. त्या दिवशी सकाळी साडेआठ-नऊची लाँच धरू नका, अकरानंतर निघा. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

सर्वात जपायचे दिवस अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपासचे. तेव्हा उधाण असतं, म्हणजे भरती जितकी वर चढते तितकंच पाणी ओहोटीला खाली जातं. आणि ती ओहोटी नेमकी संध्याकाळी साडेपाच-सहाला येते, लोक परतायच्या वेळेला. त्या दिवशी दुपारीच परता. अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाणी फारसं उतरत नाही, त्यामुळे त्रास कमी.

बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की लाँच थांबतात. तेव्हा रस्ता धरा. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीहून चिर्ल्याला उतरवतो. मोटारसायकल आणि रिक्षाला त्यावर बंदी आहे. पुढे मुंबई-गोवा महामार्गाने पेण, वडखळ. खरी कोंडी वडखळनंतर पोयनाड आणि कार्लेखिंडीच्या बाजूला होते, कारण तिथे रस्ता अरुंद आहे. शनिवारी सकाळी सहाच्या आत वडखळ ओलांडा.