रेस्टॉरंटमध्ये जॅझ गिटार वाजवण्यापूर्वीची तयारी

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात जे जॅझ बँड वाजत, त्यांच्यापुढे नाचणारी मंडळी असत. आज रेस्टॉरंटच्या कोपऱ्यात गिटार घेऊन एकट्याने बसणाऱ्या वादकापुढे मात्र जेवणारी मंडळी असतात. म्हणून तयारी हळू आवाजात वाजवण्यापासून सुरू करावी. आवाज कमी केला की बहुतेकांची लयही ढिली पडते, आणि हा दोष घालवायचा तर अ‍ॅम्प्लिफायर बोलण्याच्या आवाजापेक्षा खाली ठेवून, मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरून रियाज करावा लागतो. अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी पिकऐवजी, म्हणजे तारा छेडण्याच्या छोट्या चकतीऐवजी, अंगठ्याने वाजवत असे. त्यातून निघणारा मऊ, भरीव स्वर जेवणाच्या टेबलाजवळ टोचत नाही.

पाऊण-पाऊण तासाचे तीन सेट ठरले असतील आणि एक रचना साधारण साडेचार मिनिटे चालत असेल, तर तिसेक रचना तोंडपाठ हव्यात. बहुतेक स्टँडर्ड, म्हणजे जॅझ वादकांच्या नेहमीच्या वाजवण्यातल्या, रचनांचे आवर्तन बत्तीस बारचे असते (बार म्हणजे ठरावीक, बहुधा चार, मात्रांचा गट). पहिल्या आवर्तनात मूळ चाल वरच्या तारांवर ठेवून तिच्याखाली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) द्यावेत. पुढे उत्स्फूर्त वादन करताना नुसती एकेरी सुरावट वाजवल्यास साथीला कोणी नसल्यामुळे ती पोकळ वाटते, म्हणून दोन वाक्यांच्या मधल्या जागेत कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर तेवढा वाजवावा. पूर्ण सहा तारांचे कॉर्ड येथे क्वचितच लागतात. क्रम लावताना संथ बॅलडनंतर ब्राझिली लयीचा बोसा नोव्हा, मग बारा बारचा ब्लूज, असा पालट ठेवावा. एकाच पट्टीतल्या तीन रचना लागोपाठ आल्या, तर संगीत न जाणणाऱ्यालाही कंटाळा येतो, मग त्याला कारण सांगता येवो वा न येवो.

सपाट वेष्टनाच्या तारा बोटे सरकतानाचा करकराट कमी करतात. लहान खोलीत तीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. तो खुर्चीवर ठेवावा, पण जवळच्या टेबलावर रोखू नये. गर्दी वाढल्यावर आवाज वाढवण्याचा मोह टाळावा, कारण लोक तितक्याच जोराने बोलू लागतात आणि या चढाओढीत गिटार हरते. जागा आदल्या दिवशी पाहून घ्यावी: प्लग कुठे आहे, अर्थिंग ठीक आहे का, बारमधला मिक्सर सुरू झाला की अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतो का. एक्स्टेन्शन बोर्ड, जादा केबल आणि तारांचा संच आपलाच असावा. गोव्यातल्या उघड्या अंगणात वाजवायचे असल्यास, रात्री दहानंतर मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक वापरण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे, शेवटचा सेट त्याआधी संपेल अशी वेळ मालकाशी ठरवावी. मानधन, मधली विश्रांती आणि जेवण यांचेही त्याच वेळी लेखी ठरवून घ्यावे.

फर्माइशी येणारच, त्यांत हिंदी चित्रपटगीते अधिक. सर्वांच्या ओळखीची चार-पाच जॅझच्या कॉर्डमध्ये बसवून ठेवावीत. वाढदिवसाचे गाणे मात्र निरनिराळ्या पट्ट्यांत तयार हवे, कारण केक आला की टेबलावरची मंडळी वादकाची वाट न पाहता मनाला येईल त्या सुरात गायला लागतात; अशा वेळी पहिली ओळ ऐकून पट्टी पकडावी आणि दुसऱ्या ओळीपासून साथ द्यावी.