केन टोड आणि युरोपियन गांधीलमाशी : तुलना करताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातल्या उपऱ्या जिवांचा विषय निघाला की या दोघांची जोडी हमखास लावली जाते. दोघेही बाहेरून आलेले, दोघेही विषारी! पहिला घोळ इथेच होतो, आणि त्यात आपल्या भाषेचाही थोडा वाटा आहे, कारण 'विषारी' हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो. गांधीलमाशी नांगीने विष टोचते. भेक, म्हणजे केन टोड, काहीच टोचत नाही. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात; त्या दाबल्या गेल्या की दुधासारखा चिकट स्राव पाझरतो. तो तोंडात गेला की जिवावर बेततं. भेक खायला गेलेले क्वोल (ऑस्ट्रेलियातले छोटे मांसाहारी प्राणी) असेच मेले.

म्हणून उपायांची सरमिसळ करू नका. कुत्र्याने भेक तोंडात धरला तर ओल्या फडक्याने हिरड्या पुसा आणि लगेच प्राण्यांचा डॉक्टर गाठा. गांधीलमाशीने डंख मारला तर काटा शोधत बसू नका. मधमाशीसारखी तिची नांगी सहसा तुटून राहत नाही, ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. आधी तिथून दूर व्हा, मग थंड पट्टी ठेवा. श्वास अडकू लागला तर थेट ००० ला (ऑस्ट्रेलियाचा आपत्कालीन क्रमांक) फोन.

दुसरी चूक म्हणजे एका भेकासमोर एक माशी ठेवणं. भेकाची मादी एका खेपेला ८,००० ते ३०,००० अंडी घालते आणि निघून जाते. गांधीलमाशीचा हिशेब मात्र पोळ्याचाच करावा लागतो: अंडी राणीची, राबणं कामकऱ्यांचं. युरोपातल्या थंडीत पोळं संपतं, नव्या राण्या तेवढ्या तग धरतात. ऑस्ट्रेलियाच्या सौम्य हिवाळ्यात काही पोळी पुढच्या वर्षीही चालू राहतात आणि अवाढव्य होतात.

'दोघांनाही माणसाने मुद्दाम आणलं' हेही खरं नाही. भेक १९३५ मध्ये उसावरचे भुंगेरे खाण्यासाठी क्वीन्सलँडमध्ये आणले. गांधीलमाशी मालातून नकळत आली. टास्मानियात ती १९५९ मध्ये दिसली.

ओळख चुकल्यानेही जीव जातात. स्थानिक बेडूक केन टोड समजून मारले जातात, हे मला फार लागतं. केन टोडच्या डोळ्यांवरून नाकाकडे उतरणारी हाडाची कड दिसते, ती आधी बघा. गांधीलमाशीच्या मिशा काळ्या असतात; मिशा नारिंगी आणि उडताना पाय लोंबत असतील, तर ती कागदी घरटं बांधणारी वेगळी माशी आहे.